दाताचं सिमेंट आणि खर्र्यातला चुना

मामाजी: या सिमेंटनं हाड भरून येतं, असं तू पेशंटला सांगतेस ना, तिथेच माझा आक्षेप आहे. हाड भरतात हाडाच्या पेशी. दाढेच्या मुळाशी पू झाला, तू आतली सडलेली नस काढलीस, नळी धुतलीस, भरून बंद केलीस. पुढचं सगळं शरीरानं केलं. शेताला कुंपण घातलं की रोही आणि रानडुकरं आत येत नाहीत, हे कबूल. पण म्हणून तूर कुंपणानं पिकवली असं आपल्या इंझोरी गावात कोणी म्हणणार नाही. तुमच्या व्यवसायात मात्र कुंपणाचीच जाहिरात. आधी चांदी होती, मग दाताच्या रंगाचं आलं, मग काचेचं सिमेंट, आता हे कॅल्शियमवालं. दर वेळी नाव नवं आणि फी वाढलेली. यातल्या कोणत्या मसाल्यामुळे हाड वेगळं वागलं, ते मला एकदा नीट सांग. मी शाळेत विज्ञान शिकवलंय, पोरांची उत्तरं तपासायची सवय अजून गेलेली नाही.

भाची: तपासा की. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमटीए नावाचं सिमेंट पुढे आणलं. त्यात सुमारे ७५ टक्के आहे घर बांधायचं पोर्टलँड सिमेंट, शुद्ध करून बारीक दळलेलं. एक्स-रेमध्ये दिसावं म्हणून २० टक्के बिस्मथ ऑक्साइड, बाकी जिप्सम. दाताच्या मुळाच्या टोकाशी रक्त असतं, ओल असते. आमचे बहुतेक मसाले ओलीत बिघडतात, हे ओलीतच घट्ट होतं, त्याला पावणेतीन तास लागतात. घट्ट होताना त्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड सुटतं. शरीरातल्या द्रवात फॉस्फेट असतं, ते या कॅल्शियमशी जुळतं आणि सिमेंटच्या पृष्ठभागावर हाडातल्यासारख्याच खनिजाचा पातळ थर बसतो. माकडांच्या दातांवरचा प्रयोग १९९७ मध्ये छापला गेला. मुळाची टोकं कापून काहींत एमटीए भरलं, काहींत चांदी. एमटीएच्या सहापैकी पाच मुळांवर सिमेंटमचा, म्हणजे मुळावर निसर्गतः असतो त्याच ऊतीचा, पूर्ण थर चढला होता. चांदीवर एकाही ठिकाणी नाही, उलट भोवती सूज. पेशी परक्या वस्तूवर येऊन बसल्या आणि तिथे त्यांनी आपलं काम केलं. तुमच्या तारेच्या कुंपणावर असं काही उगवत नाही, मामाजी. हे शेराच्या कुंपणासारखं आहे; सिमेंट स्वतः जिवंत नसलं तरी जिवंत गोष्टीला बसू देतं.

मामाजी: कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे चुनाच की. मग ऐक. आपल्या गावच्या चौकात पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना टाकून घोटतात, त्याला आपण खर्रा म्हणतो. तो गालात धरणाऱ्याची हिरडी तू रोज पाहतेस. पांढरी पडलेली, सोललेली, कुठे हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलेलं. तो चुना हिरडी जाळतो, असं तूच सांगतेस. आणि तोच चुना तू मुळाशी घातलास की हाड तयार होतं? रसायनशास्त्र माणूस बघून बदलत नसतं.

भाची: रसायन तेच आहे, हे मी मान्य करते, आणि ते तिथेही जाळतंच. ही गोष्ट आमच्या जाहिरातीत कोणी लिहीत नाही. घट्ट होत आलेल्या एमटीएचा पीएच १२.५ पर्यंत जातो, खर्र्यातल्या चुन्याच्या आसपासच. १९२० मध्ये हर्मान या जर्मन दंतवैद्यानं कॅल्शियम हायड्रॉक्साइड दातात वापरायला सुरुवात केली, तेव्हापासून हे माहीत आहे की चुना ज्या ऊतीला टेकतो तिचा वरचा पातळ थर मरतो. फरक पुढे आहे. मुळाशी हा मार एकदाच बसतो, मेलेला थर खालच्या जिवंत पेशींना आडोसा होतो, जंतू त्या क्षारात टिकत नाहीत, आणि सिमेंट घट्ट होऊन पुढे हळूहळू शांत होतं. दुरुस्ती सुरू होते ती त्या जळालेल्या रेषेच्या खाली. खर्रा खाणाऱ्याच्या गालात ती रेषा रोज नव्यानं ओढली जाते. शिवाय तिथे चुना एकटा नसतो. तोंड उघडायचं बंद होतं, गाल आतून दोरीसारखा ताठ होतो, तो मुख्यतः सुपारीचा परिणाम; निकोटिननं हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात तो वेगळा. चुन्यालाच सगळा दोष दिला तर सुपारी सुटते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली, पण खर्रा पानठेल्यावर हातानं घोटला जातो, तो चालूच आहे.

मामाजी: ठीक. एकदा मारणं आणि रोज मारणं यात फरक आहे, हे पटलं. पण तू सिमेंटची बाजू मांडता मांडता माझीच बाजू बळकट केलीस. चुन्याचं खरं काम जंतू मारणं, दुरुस्ती आतली ऊती करते. आता मी वाचलेला एक प्रयोग सांगतो. १९६५ मध्ये अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झजेराल्ड या तिघांनी उंदरांच्या दाढांना भोकं पाडून नस उघडी केली आणि तशीच सोडली. वर काहीही भरलं नाही, अन्न जाऊन अडकत होतं. साध्या उंदरांच्या नसा सडल्या, मुळाशी गळू झाले. पण काही उंदीर जंतुविरहित पेटीत वाढवलेले होते. त्यांच्या दाढांत दोन आठवड्यांनी उघड्या नसेवर दाताच्याच पदार्थाचा पूल धरू लागला आणि चार आठवड्यांच्या आत तो पुराही झाला. चुना नाही, एमटीए नाही, चांदी नाही. नुसती जंतूंची गैरहजेरी. याच्यापुढे तुमचा प्रत्येक मसाला म्हणजे त्या पेटीची स्वस्त नक्कल आहे. आणि स्वस्त तरी कुठली?

भाची: तो प्रयोग आमच्या शास्त्राचा पाया आहे, नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मीही गप्प झाले होते. पण माणूस पेटीत राहत नाही. ज्या तोंडात जंतू असणारच, तिथे दार बंद करणं हेच औषध, आणि दार कसं बंद होतं यावर सगळं अवलंबून. चांदी घट्ट होताना दाताच्या भिंतीपासून किंचित सुटते, दाताच्या रंगाचं रेझिन आकसतं. एमटीए ओलीत थोडं फुगतं आणि फटीत खनिजाचे स्फटिक भरतात. तुम्ही पदार्थाला दारापुरतं महत्त्व देता, मी म्हणते या दाराच्या लाकडालाच पेशी धरतात.

मामाजी: मग माणसांत फरक दिसायला हवा. २००३ मध्ये चोंग, पिट फोर्ड आणि हडसन यांनी लंडनमध्ये केलेली तुलना तूच मला वाचायला दिली होतीस. मुळाच्या टोकाची शस्त्रक्रिया. अर्ध्यांना एमटीए, अर्ध्यांना झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचं सिमेंट. युजेनॉल म्हणजे आपल्या लवंगेचं तेल, दाढ दुखली की आजी बोळा लावायची ते. एका वर्षानं एमटीएचे ८४ टक्के बरे, लवंगवाल्यांचे ७६. दोन वर्षांनी ९२ आणि ८७. आणि लेखकांनी स्वतःच लिहिलं की हा फरक आकडेशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. मग माकडाच्या मुळावर चढलेला तो सुंदर थर माणसात कुठे गेला?

भाची: दोन उत्तरं आहेत, आणि दोन्ही मला पुरती आवडत नाहीत. पहिलं म्हणजे पेशंट कमी असले की लहान फरक पकडता येत नाही. फरक सापडला नाही म्हणजे तो नाहीच, असं होत नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं. माणसात आपण बघतो काय? एक्स-रे. १९६१ मध्ये बेंडर आणि सेल्ट्झर यांनी जबड्याच्या हाडात मुद्दाम खड्डे पाडून फोटो काढले होते. आतल्या जाळीदार हाडातला खड्डा फोटोत दिसेना, बाहेरची घट्ट भिंत पोखरली तेव्हाच काळा डाग उमटला. म्हणजे आम्ही ‘डाग गेला’ म्हणतो तेव्हा आत थोडी सूज शिल्लक असू शकते, आणि मुळाच्या टोकावर सिमेंटमचा थर चढलाय की नुसता चिवट व्रण बसलाय, हे फोटो सांगतच नाही. माकडाचा जबडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येतो, इंझोरीच्या माणसाचा नाही.

मामाजी: वा! जे फोटोत दिसत नाही, ते फीमध्ये मात्र दिसतं.

(इथे मला स्वतःला मामाजींचं पारडं जड वाटतं, पण भाचीच्या पहिल्या उत्तरात दम आहे आणि वादात ते टोमण्याखाली दबलं. पाच टक्क्यांचा फरक पाच माणसांत दिसत नाही. जिल्ह्याभरात तो दिसला असता. वाशीम जिल्ह्यात कोणी तो मोजत नाही, हा वेगळा भाग.)

भाची: टोमणा घेतला. पण आता मी तुमचं एक गृहीतक धरते. तुम्ही ‘ऊती भरून काढते’ म्हणता तेव्हा हाड आणि हिरडी एकाच तराजूत घालता. ती दोन वेगळी प्रकरणं आहेत. मुळाचं टोक हाडात पुरलेलं असतं; नळी वरून बंद झाली की त्याचा तोंडाशी संबंध तुटतो. हिरडीची कड मात्र कायम तोंडातच. तुमच्या उजव्या दाढेत जे जुनं फिलिंग आहे, त्याच्याशेजारची हिरडी ब्रश लागला की रक्त काढते ना?

मामाजी: काढते. आणि मी त्याचा दोष त्या चांदीलाच देतो. हिरडीवर राखाडी डागही पडलाय. चांदीतला पारा उतरलाय तो.

भाची: डाग चांदीचाच आहे. भरताना किंवा कोरताना तिचे कण हिरडीत रुतले की असा ठिपका राहतो, तो दुखत नाही, वाढत नाही. रक्त येतं ते वेगळ्या कारणानं. कोणी भरली मला माहीत नाही, पण दोन दाढांच्या मध्ये चांदी कडेबाहेर ओघळून तशीच घट्ट झाली आहे. ओठासारख्या बाहेर आलेल्या त्या कडेखाली दोरा जात नाही, ब्रश तर नाहीच. १९८३ मध्ये लांग आणि सहकाऱ्यांनी दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या दाढांवर मुद्दाम १ मिलिमीटर बाहेर आलेली सोन्याची भरणं बसवली. काही आठवड्यांत त्या ओठाखालचे जंतू बदलले, हाड खाणाऱ्या हिरडीच्या रोगात सापडतात त्या जातीचे झाले. ते सोनं होतं, मामाजी. सोन्याइतका शांत धातू आमच्याकडे दुसरा नाही. पदार्थ कोणता, याला तिथे काही किंमत उरली नाही. कड कुठे आणि कशी, एवढंच उरलं. डेन्मार्कमधल्या आरहूसला १९६५ मध्ये हॅरल्ड लो यांनी तर कोणतंही फिलिंग न बसवता निरोगी माणसांना फक्त दात घासणं थांबवायला लावलं होतं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासायला लागल्यावर आठवडाभरात पूर्ववत झाल्या.

मामाजी: म्हणजे हिरडीच्या बाबतीत तू माझ्या बाजूला आलीस.

भाची: जवळपास. हिरडीला दाताच्या भोवती स्वतःची जागा लागते. १९६१ मध्ये गार्जुलो, वेंट्झ आणि ऑर्बन यांनी शवांच्या जबड्यांवर ती मोजली. अस्तराची पकड ०.९७ मिलिमीटर, तिच्याखाली तंतूंची पकड १.०७, मिळून २.०४. सरासरी आहे ही, माणसागणिक बदलते. या पट्ट्यात फिलिंग घुसवलं की शरीर ती जागा परत मिळवायला खाली सरकतं. हाड झिजतं, हिरडी उतरते किंवा सुजलेलीच राहते. कितीही महागडा मसाला असो. यामागे एक शर्यत आहे. १९७६ मध्ये मेल्चर यांनी मांडलं की जखमेत कोणत्या पेशी आधी पोहोचतात, त्यावर पुढचं ठरतं. हिरडीच्या अस्तराच्या पेशी सगळ्यांत चपळ. हाडाच्या पेशी मंद. अस्तर मुळावरून खाली पळत सुटलं की हाडाला तिथे जागाच उरत नाही. मुळाच्या टोकाशी या पळणाऱ्या पेशी नसतातच, म्हणून तिथे माझं सिमेंट डौलात दिसतं.

मामाजी: अगं, मग हेच तर आधी सांगायचं होतं! ज्या सिमेंटचं तू कौतुक करतेस, ते मुळाच्या टोकावरून हिरडीच्या कडेशी आणलं की त्याची जादू संपते.

भाची: नुसती संपत नाही, उलटते. मुळांच्या बेचक्यात चुकून भोक पडलं आणि ते हाडात खोल असलं, तर एमटीएइतकं चांगलं मला काही माहीत नाही. तेच भोक हिरडीच्या कडेशी, तोंडाला उघडं असलं तर मी एमटीए वापरत नाही. घट्ट व्हायच्या आत लाळ ते धुऊन नेते. तिथे मी काचेचं किंवा रेझिन मिसळलेलं सिमेंट घेते, गुळगुळीत करते. पण हिरडी कोणत्याच मसाल्याला धरत नाही, असं मात्र छातीठोकपणे म्हणू नका. १९९७ मध्ये ड्रागू यांनी माणसांच्या तोंडातले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहिलं की हिरडीखाली बसवलेल्या अशाच रेझिन मिसळलेल्या सिमेंटवर अस्तर आणि तंतू दोन्ही चिकटलेले दिसले.

मामाजी: चिकटलेले म्हणजे टेकलेले की रुतलेले? दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आत शिरलेले असतात, ओढले तरी निघत नाहीत. मसाल्याच्या अंगाला लगटून पडलेले तंतू आणि मसाल्यात मुळं धरलेले तंतू, यात मी तरी फरक करीन. आणि माणसाच्या तोंडातून असे नमुने मिळणार तरी किती?

भाची: रुतलेले, असं मी म्हणणार नाही. पण टेकून, न सुजता राहणं हेही हिरडीच्या कडेला थोडं नाही. तुमच्या दाढेला एवढं मिळालं असतं तर तुम्ही आज तक्रार केली नसती.

मामाजी: बरं. आता पुस्तक बाजूला ठेव आणि इंझोरीत ये. पेरणीच्या तोंडावर एक माणूस येतो. चाळिशीचा, दिवसाला चार-पाच खर्रे, खालच्या दाढेच्या मुळाशी मोठा काळा डाग. इथून कारंज्याला तुझ्याकडे यायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी गेली. तो एकदा येईल, फार तर दुसऱ्यांदा. त्याच्या दाढेत तू महागडं सिमेंट घालणार?

भाची: डाग मोठा आणि मुळाचं टोक झिजून उघडं झालेलं असेल तर घालायला हवं. टोक बंद असेल तर साध्या रूट कॅनलनंही भरून येईल, त्याला एमटीए विकणं मला पटत नाही.

मामाजी: आणि वरचं? टोकाशी बंद खोलीत तुझं सिमेंट इमानदारीनं काम करील, पण दाढेच्या कडेला तो रोज चुना-तंबाखू धरणार. हिरडी वरून उतरत जाईल, हाड वरून झिजत खाली येईल. वरचं कच्चं फिलिंग तो कॅप न बसवता तसंच ठेवील, ते गळायला लागलं की जंतू परत नळीत. खालून हाड भरतंय आणि वरून उसवतंय. त्यापेक्षा दाढ काढून टाक, जखम आठ-पंधरा दिवसांत मिटेल, पैसे वाचतील.

भाची: जखम मिटते, हाड नाही. २००३ मध्ये श्रॉप आणि सहकाऱ्यांनी मोजलं होतं. दात काढल्यावर बारा महिन्यांत त्या जागी हाडाची रुंदी सुमारे निम्मी होते, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच. शरीर खड्डा भरतं, पण बाजूची भिंत आवळून घेतं. चाळिशीत एक काढली, मग शेजारची कलते, समोरची खाली उतरते. तुमचा शरीरावर एवढा विश्वास आहे ना, मामाजी? मोकळं सोडलं की ते हे करतं. ज्या दातासाठी ते गरजेपुरतं हाड राखतं, तो दात गेला की हाडही काढून घेतं. म्हणून मला वाकड्यातिकड्या, अर्धवट बऱ्या झालेल्या दाढेचंही मोल वाटतं. ती हाड धरून ठेवते.

मामाजी: हा मुद्दा माझ्या हिशेबात नव्हता. पण मग त्याला सांगणार काय? नव्वद टक्के यश?

भाची: तिथेच मी अडते. ते ९२ आणि ८७ दोन वर्षं तपासणीला येत राहिलेल्या लोकांचे आहेत. युरोपातल्या रूट कॅनल तज्ज्ञांची संघटना सांगते की निदान एक वर्षानं फोटो काढा, डाग रेंगाळला तर चार वर्षांपर्यंत बघत राहा. माझ्याकडे दाढ दुखायची थांबली की माणूस येत नाही. सोयाबीन काढणी, तूर, मग पोहरादेवीची यात्रा, मग लग्नसराई. वर्षानं मी फोन केला की म्हणतो, आता दुखत नाही ना बाई, कशाला येऊ? आणि न दुखणारा डाग तर सगळ्यांत फसवा. त्याचं हाड भरलं असेल किंवा डाग दुप्पट झाला असेल, मला दोन्ही सारखंच ऐकू येतं.

मामाजी: मग वहीत त्याच्या नावापुढे काय लिहितेस?

भाची: काहीच नाही. रकाना मोकळा ठेवते. अभ्यास करणारेही बहुतेक वेळा तेच करतात, मोकळे रकाने बाजूला काढतात आणि उरलेल्यांची टक्केवारी छापतात.

मामाजी: म्हणजे दोन वर्षं येत राहणारा, दात घासणारा, कॅप बसवणारा माणूस त्या ९२मध्ये आहे. आपला खर्रेवाला ना त्या ९२त, ना उरलेल्या ८त. तू सिमेंटबद्दल जे जे सांगितलंस, ते त्याच्या दाढेला लागू आहे हे कशावरून?

भाची: रसायन लागू आहे. पेशी त्याच आहेत, त्यांची शर्यत तीच. टक्केवारी लागू आहे की नाही, ते त्याला बोलावून फोटो काढल्याशिवाय मी सांगू शकत नाही. आणि दुखत नसताना त्याला बोलावण्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. तुम्ही गावात राहता, तुम्हाला सुचतंय का?

मामाजी: एसटीचं भाडं तू दे.

भाची: भाडं दिलं तर तो येईल. मग ते सिमेंटच्या फीमध्ये धरू, की साधा मसाला घालून वाचलेल्या पैशात?

मामाजी: ते तू ठरव. पण साधा मसाला घातलास तर त्याचाही फोटो वर्षानं काढ, तेवढी दोन रकान्यांची वही मला बघायची आहे.